एकच बातमी तीस वर्तमानपत्रांत सापडली, तर ते तीस पुरावे झाले का?

मुंबईच्या 1896-97 च्या प्लेगवर काम करणाऱ्या एका संशोधक विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा: "जुन्या अमेरिकन वर्तमानपत्रांचे डिजिटल संग्रह चाळताना कॅन्सस, नेब्रास्का, आयोवा या राज्यांतल्या लहान गावांच्या साप्ताहिकांत मुंबईच्या प्लेगबद्दलचा एकच मजकूर शब्दशः तीसेक ठिकाणी सापडला. अमेरिकेत खेडोपाडी या साथीची चर्चा होती, असं यावरून लिहिता येईल का? शिवाय हा 'यलो जर्नलिझम'चा, म्हणजे भडक, सनसनाटी पत्रकारितेचा काळ. मग या पत्रांवर विश्वास कितपत ठेवायचा?"

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस-चाळीस वर्षांतली अमेरिकन वर्तमानपत्रं मी बरीच वर्षं वाचते आणि शिकवते. हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्यापुढे सारखा येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. मजकूर खरा की खोटा, ही एक. तो त्या पानावर पोचला कसा, ही दुसरी. आपण बहुतेक वेळा पहिलीमागे धावतो, पण या काळापुरतं तरी दुसरीचं उत्तर आधी लागतं. तीस गावांत तोच मजकूर शब्दशः सापडला असेल, तर तीस संपादकांना मुंबईची काळजी वाटली असं त्यातून निघत नाही. शिकागो किंवा ओमाहातल्या कुणा एका माणसाने तो मजकूर निवडला आणि तीस गावांना तो आयता मिळाला, ही शक्यता फार मोठी आहे. नक्की काय घडलं हे पानावर अवलंबून आहे: मजकूर आतल्या पानावर आहे की पहिल्या, त्यावर ठिकाण-तारीख आहे की नाही, शेजारी कोणत्या जाहिराती आहेत. तुमची पानं मी पाहिलेली नाहीत, म्हणून ती कशी तपासायची ते सांगते.

आधी त्या साप्ताहिकाची परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. 1880 च्या जनगणनेत अमेरिकेत 971 दैनिकं आणि आठ हजारांहून जास्त साप्ताहिकं नोंदली आहेत. साप्ताहिकांतली बहुतेक लहान गावांची. मालक, संपादक, बातमीदार आणि जाहिराती गोळा करणारा हा सगळा मिळून एकच माणूस, हाताशी फार तर एखादा कंपोझिटर आणि एखादा शिकाऊ पोरगा. अक्षरांच्या ओळी जुळवणारं लायनोटाइप यंत्र 1886 मध्ये न्यूयॉर्क ट्रिब्यूनमध्ये पहिल्यांदा चाललं, पण ते मोठ्या दैनिकांना परवडणारं होतं. खेड्यातला छापखाना नव्वदच्या दशकातही एकेक खिळा, म्हणजे धातूचं एकेक अक्षर, हाताने जुळवत होता. चार मोठी पानं दर आठवड्याला अशी भरायची म्हणजे दोन माणसांच्या आवाक्याबाहेरचं काम.

त्यावर तोड निघाली ती यादवी युद्धाच्या काळात. विस्कॉन्सिनमधल्या बॅराबू गावी अ‍ॅन्सेल केलॉग नावाचा संपादक होता. 1861 मध्ये त्याचा छापखान्यातला माणूस सैन्यात गेला आणि अंक पुरा करणं अशक्य झालं. त्याने मॅडिसनच्या दैनिकाकडून युद्धवार्ता छापलेले कागद मागवले आणि कोऱ्या राहिलेल्या बाजूवर आपल्या गावच्या बातम्या छापल्या. पुढे 1865 मध्ये शिकागोत त्याने याचाच धंदा उभा केला. एका बाजूला कथा, प्रवासवर्णनं, शेतीचा सल्ला, परदेशच्या हकिकती आणि जाहिराती छापलेले कागदांचे गठ्ठे रेल्वेने गावोगाव जात. गावचा संपादक दुसरी बाजू छापून अंकाची घडी घाली. छापलेली बाजू बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या पानाची, म्हणजे आतली असे. त्या बाजूवरच्या जाहिरातींचं उत्पन्न कंपनीचं, त्यामुळे संपादकाला हे कागद कोऱ्या कागदापेक्षा फारसे महाग पडत नसत. नंतर याच धंद्यात ओमाहाची वेस्टर्न न्यूजपेपर युनियन फार मोठी झाली. कुणी छापील कागदाऐवजी मजकुराचे ओतीव धातूचे पत्रे पाठवी. संपादकाने ते हवे तितके कापून पानात बसवायचे.

तुमच्या तीस साप्ताहिकांपैकी किती या वाटेने आली हे ओळखण्याच्या काही खुणा आहेत. सगळ्यात उपयोगी खूण म्हणजे पानाच्या तळाशी, जाहिरातींच्या रकान्याखाली असणारी बारीक ओळ. तिथे 'डब्ल्यू. एन. यू.' ही अक्षरं, शहराचं नाव, अंक क्रमांक आणि साल दिसलं, तर ते पान वेस्टर्न न्यूजपेपर युनियनचं. 'ए. एन. के.' आणि पुढे एक आकडा दिसला, तर केलॉगच्या कंपनीचं. डिजिटल संग्रहात शोध घेताना आपण थेट शब्दावर उतरतो आणि पानाचा तळ बघतच नाही, म्हणून ही ओळ निसटते. प्रत्येक नोंदीसाठी पूर्ण पान उघडा.

दुसरी खूण अक्षराच्या वळणाची. समोरासमोरच्या दोन पानांचे खिळे वेगळे, शाई वेगळी, एक बाजू सफाईदार आणि दुसरी झिजलेल्या खिळ्यांची, असं दिसलं की एकाच अंकात दोन छापखाने आहेत हे समजावं. तिसरी खूण काळाची. छापलेले कागद गावात पोचून अंक निघेपर्यंत बरेच दिवस जात, त्यामुळे त्या बाजूवर 'काल', 'परवा' असं काही नसतं. महिनाभराने वाचलं तरी चालेल असाच मजकूर असतो. चौथी खूण जाहिराती. लिडिया पिंकहॅमचं बायकांचं औषध, हूडचं सार्सापरिला अशी देशभर खपणारी औषधं एका बाजूला आणि गावचा लोहार, बँक, किराणा दुकान दुसऱ्या बाजूला, हे विभाजन पाहिलं की उलगडा होतो. आणि शंका उरलीच, तर त्याच आठवड्याचं शेजारच्या काउंटीतलं साप्ताहिक उघडा. सगळं पानच्या पान सारखं निघालं, तर प्रश्न मिटला.

यावरून ती पानं टाकाऊ ठरवू नका. असं पान शेकडो घरांत गेलं, कुणीतरी वाचलं, मुलांनी त्यातली चित्रं पाहिली. वाचकांपुढे काय ठेवलं जात होतं, याचा तो चांगलाच पुरावा आहे. गावाला कशात रस होता, हे मात्र त्यावरून ठरत नाही.

आता समजा मजकुरावर 'मुंबई' किंवा 'लंडन' असं ठिकाण आणि तारीख आहे, आणि तो दैनिकात आला आहे. मग वाट तारेची. मुंबई-एडन-सुएझ ही समुद्री तार 1870 पासून चालू होती. मुंबईची बातमी लंडनला रॉयटर या वृत्तसंस्थेकडे जाई, तिथून अटलांटिकखालून न्यूयॉर्कला, आणि पुढे असोसिएटेड प्रेसच्या सभासद पत्रांना. युरोपातल्या वृत्तसंस्थांनी जग आपसांत वाटून घेतलं होतं. शिकागोच्या असोसिएटेड प्रेसने 1893 मध्ये रॉयटरशी करार करून तो पुरवठा आपल्याकडे घेतला, आणि तिची प्रतिस्पर्धी जुनी युनायटेड प्रेस 1897 मध्ये बुडाली. म्हणजे तुमच्या विषयाच्या नेमक्या काळात मुंबईची बातमी अमेरिकेत जवळजवळ एकाच नळीतून येऊ लागली होती, आणि त्या नळीचं तोंड लंडनला होतं. मुंबई सरकारची, हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या इंडिया ऑफिसची भाषा अमेरिकन पत्रांत जशीच्या तशी दिसते त्याचं कारण बहुतेक हेच. तिथे अमेरिकन संपादकाचं मत शोधायला जाऊ नये.

तारेला शब्दागणिक पैसे पडत. लंडन-न्यूयॉर्क साधारण दर 1888 नंतर शब्दाला 25 सेंट होता, वर्तमानपत्रांना सवलत मिळे. त्यामुळे बातमी तोडक्या शब्दांत येई आणि न्यूयॉर्कचा संपादक ती फुलवून पूर्ण वाक्यांत लिही. फुलवताना विशेषणं वाढत, कधी भूगोलही बदले. तुमच्याकडे यावर एक मोठी सोय आहे, जी अमेरिकेतल्या संशोधकांकडे सहसा नसते. त्याच आठवड्यांचे केसरी, ज्ञानप्रकाश, टाइम्स ऑफ इंडिया तुम्ही वाचू शकता. मुंबई-पुण्यात छापलेलं, लंडनमध्ये छापलेलं आणि न्यूयॉर्कमध्ये छापलेलं असं एकाच घटनेचं वर्णन शेजारी शेजारी ठेवा. कोणत्या टप्प्यावर काय गळलं आणि काय चिकटलं, ते दिसेल. माझ्या मते तुमच्या प्रबंधातलं सगळ्यात मोलाचं प्रकरण यातून निघू शकतं.

मग गावाचा स्वतःचा रस शोधायचा कुठे? मी बाजारभावाच्या रकान्यापासून सुरुवात करते. कॅन्ससच्या शेतकऱ्याला हिंदुस्थान दूरचा नव्हता, कारण हिंदुस्थानचा गहू लंडनच्या बाजारात त्याच्या गव्हाशी स्पर्धा करत होता. 1896 च्या शरद ऋतूत अमेरिकेत गव्हाचे भाव चढले, त्यामागे हिंदुस्थानातलं पीक बुडाल्याच्या बातम्या हे एक कारण होतं. ते अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे दिवस. डेमोक्रॅटिक उमेदवार ब्रायन सांगत होते की चांदीची नाणी मोकळेपणी पाडू दिल्याशिवाय शेतमालाला भाव येणार नाही. त्यामुळे तसं काही न होताच भाव चढले, तेव्हा प्रतिस्पर्धी उमेदवार मॅकिन्ली यांच्या रिपब्लिकन पत्रांना आयताच मुद्दा मिळाला. चांदीचंही तसंच. 1893 मध्ये हिंदुस्थान सरकारने टांकसाळींत लोकांची चांदी घेऊन नाणी पाडणं बंद केलं, त्याचा फटका कोलोरॅडोच्या खाणींना बसला. म्हणून एखाद्या गावच्या पत्रात हिंदुस्थानच्या दुष्काळाबद्दल स्वतःच्या खिळ्यांत जुळवलेल्या दोनच ओळी सापडल्या, आणि त्या गव्हाच्या भावाशेजारी असल्या, तर त्या दोन ओळी मला आयत्या मिळालेल्या दोन रकान्यांपेक्षा जास्त वजनाच्या वाटतात.

दुसरी जागा चर्चच्या बातम्यांची. अमेरिकन मराठी मिशनची माणसं मुंबई-अहमदनगरकडे अनेक दशकं होती. त्यांची पत्रं घरी जात आणि तिथल्या मंडळींत वाचली जात. गावची एखादी मुलगी मिशनरी होऊन इकडे आली असेल, तर तिचं पत्र गावच्या वर्तमानपत्रात छापलं जाण्याची शक्यता असते. असं पत्र सापडलं, तर ते एकाच गावाचं आणि खरोखर त्या गावाचं असतं. न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या धार्मिक साप्ताहिकाने हिंदुस्थानच्या दुष्काळासाठी मोठ्या वर्गण्या गोळा केल्या. 1900 मध्ये 'क्विटो' ही आगबोट न्यूयॉर्कहून मका घेऊन मुंबईला आली, ती याच मोहिमेतून. त्या वर्षी मदतीचं काम इथे पाहणाऱ्यांत अहमदनगरचे रॉबर्ट ह्यूम होते. वर्गणीच्या याद्यांत गावांची नावं दिसली, तर 'आस्था' हा शब्द वापरायला तुम्हाला भक्कम आधार मिळतो. लोकांनी खिशातून पैसे काढले होते.

प्रत्यक्ष येऊन पाहिलेल्यांचं लेखन वेगळ्या ढिगात ठेवा. 'कॉस्मोपॉलिटन' मासिकाने 1897 मध्ये ज्युलियन हॉथॉर्न यांना दुष्काळ आणि प्लेग पाहायला हिंदुस्थानात पाठवलं होतं. त्यांचे लेख पूर्वग्रहांपासून मुक्त नाहीत, पण ते डोळ्यांनी पाहून लिहिलेले आहेत. अशा लेखांतले उतारे पुढे इतर पत्रांत फिरत. तुमच्या तीस नोंदींत एखादा तसाही असू शकेल.

आता यलो जर्नलिझम. हा शब्द 1897 च्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये रुळला आणि रोख होता दोन पत्रांवर: जोसेफ पुलित्झर यांचं 'वर्ल्ड' आणि विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांचं 'जर्नल'. पुलित्झर यांनी वर्ल्ड 1883 मध्ये धनाढ्य उद्योजक जे गूल्ड यांच्याकडून घेतलं. पत्र तोट्यात होतं. दोन सेंट किंमत, सोपी भाषा, चित्रं, आणि न्यूयॉर्कमध्ये नव्याने उतरणाऱ्या स्थलांतरितांना आपलीशी वाटेल अशी बाजू, यावर त्यांनी ते वाढवलं. 1885 मध्ये स्वातंत्र्यदेवतेच्या चौथऱ्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा वर्ल्डने वर्गणी मागितली आणि देणाऱ्या प्रत्येकाचं नाव छापण्याचं वचन दिलं. सव्वा लाखाच्या आसपास लोकांकडून लाखभर डॉलर जमले, बरेचसे डॉलरपेक्षाही लहान रकमांचे. 1887 मध्ये याच पत्राच्या नेली ब्लाय वेडाचं सोंग घेऊन न्यूयॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळात दहा दिवस राहिल्या आणि तिथले हाल त्यांनी उघड केले. हर्स्ट 1895 मध्ये न्यूयॉर्कला आले, जर्नल एक सेंटाला विकू लागले आणि वर्ल्डच्या रविवार पुरवणीची माणसं पगार वाढवून घेऊन गेले. त्यांतच पिवळ्या झग्यातल्या पोराची व्यंगचित्रं काढणारे आउटकॉल्ट होते. पोरगा दोन्ही पत्रांत दिसू लागला आणि त्याच्या झग्यावरून त्या पत्रांना 'पिवळं' म्हटलं गेलं.

सांगायचं हे की ही न्यूयॉर्कच्या एका रस्त्यावरची, पार्क रोवरची स्पर्धा होती. ते नाव नेब्रास्काच्या चार पानी साप्ताहिकाला लावून काही साधत नाही. त्या साप्ताहिकाचे दोष निराळे: पक्षाशी बांधिलकी, काउंटीच्या सरकारी जाहिरातींवरचं अवलंबित्व, औषधवाल्यांचा पैसा. न्यूयॉर्कमध्येही सगळे एका वाटेने गेले नाहीत. अ‍ॅडॉल्फ ऑक्स यांनी 1896 मध्ये मोडकळीला आलेलं न्यूयॉर्क टाइम्स घेतलं, संयत बातमीदारी कायम ठेवली, आणि 1898 मध्ये किंमत तीन सेंटांवरून एका सेंटावर आणून खप अनेक पटींनी वाढवला.

या विषयावर लिहिणारे बहुतेक जण हर्स्ट यांची एक तार उद्धृत करतात. चित्रकार रेमिंग्टन यांना त्यांनी क्युबात कळवलं म्हणे, की तुम्ही चित्रं पुरवा, युद्ध मी पुरवतो. तुमच्या प्रबंधात ती वापरू नका. तिचा एकमेव आधार म्हणजे जेम्स क्रीलमन या पत्रकाराच्या 1901 च्या आठवणी, आणि त्या दिवसांत क्रीलमन स्वतः युरोपात होते. मूळ तार कधी सापडली नाही, हर्स्ट यांनी ती नाकारली. शिवाय रेमिंग्टन जानेवारी 1897 मध्ये क्युबात गेले, तेव्हा तिथे स्पेनविरुद्धचा उठाव जवळजवळ दोन वर्षं चालू होता; युद्ध चित्रित करायलाच त्यांना पाठवलं होतं. फेब्रुवारी 1898 मध्ये हवानाच्या बंदरात 'मेन' या अमेरिकन युद्धनौकेचा स्फोट झाल्यावर जर्नलने जे छापलं ते भडक होतं, यात वाद नाही. पण अमेरिकन काँग्रेस आणि अध्यक्ष मॅकिन्ली यांना स्पेनविरुद्धच्या युद्धात ढकललं ते हर्स्ट यांनीच, हे सिद्ध करायला भडक मथळे पुरत नाहीत.

तुमच्या विषयाला थेट भिडणारं एक उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचं आहे. मार्च 1900 मध्ये तिथल्या चायनाटाउनमध्ये प्लेगचा रुग्ण सापडला. मुंबईचा प्लेग तीन-साडेतीन वर्षं छापणाऱ्या त्या शहरातल्या 'क्रॉनिकल' आणि 'कॉल' या प्रतिष्ठित दैनिकांनी आपल्या शहरात प्लेग असल्याचं साफ नाकारलं. आरोग्य अधिकाऱ्यांची खिल्ली उडवली. बंदराचा व्यापार बुडेल ही भीती होती, आणि गव्हर्नर हेन्री गेज हेही नाकारणाऱ्यांतच होते. प्लेगची बातमी लावून धरली ती हर्स्ट यांच्या पत्रांनी, अतिशयोक्ती करून का होईना. 1901 मध्ये केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनी प्लेग असल्याचं पक्कं केलं. पत्राच्या प्रतिष्ठेवरून बातमीचा खरेपणा ठरवू नये, हे मी विद्यार्थ्यांना या उदाहरणावरून शिकवते. त्या बातमीने कुणाचं नुकसान होणार होतं, हे आधी विचारावं. मुंबईच्या प्लेगने कॅन्ससमध्ये कुणाचं नुकसान होत नव्हतं. म्हणून तिथली बातमी दडपली गेली नसावी, पण तपासलीही गेली नसावी.

पक्षपाती पत्रांतून पक्का पुरावा कसा काढायचा हे त्याच काळात इडा वेल्स यांनी दाखवून दिलं. त्या मेंफिसमधल्या 'फ्री स्पीच' या कृष्णवर्णीयांच्या पत्राच्या संपादक आणि भागीदार. मार्च 1892 मध्ये त्यांचे मित्र थॉमस मॉस आणि आणखी दोघांना जमावाने ठार केलं. वेल्स यांनी त्याविरुद्ध लिहिलं, तेव्हा मे महिन्यात त्या बाहेरगावी असताना पत्राची कचेरी उद्ध्वस्त करण्यात आली. पुढे 1895 च्या आपल्या पुस्तिकेत त्यांनी अशा जमावाने केलेल्या हत्यांचे आकडे घेतले ते गोऱ्यांच्या मालकीच्या शिकागो ट्रिब्यूनमधून. कारण स्वच्छ होतं: हे आकडे कृष्णवर्णीयांनी फुगवले असं कुणी म्हणू शकणार नव्हतं. जे छापून त्या पत्राचा काही फायदा नव्हता, तेच त्यांनी पुरावा म्हणून उचललं. तुम्हीही तसंच करा. सरकारी व्यवस्थेची भलामण करणाऱ्या रॉयटरच्या तारेत मृत्यूंचा आकडा मोठा असेल, तर तो आकडा महत्त्वाचा.

दोन बारीक सूचना. खपाचे आकडे देताना जपा. जाहिरातदारांसाठीच्या वार्षिक निर्देशिका 1869 पासून निघत होत्या, पण खपाची स्वतंत्र तपासणी करणारी संस्था 1914 मध्ये आली. त्याआधीचे आकडे बऱ्याच अंशी मालकांनी सांगितलेले. आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 'क्रॉनिकलिंग अमेरिका'सारख्या संग्रहात यंत्राने वाचलेला मजकूर चुकांनी भरलेला असतो. 'बॉम्बे' आणि 'प्लेग' एवढ्यावर थांबू नका, 'ब्युबॉनिक', 'इंडिया फॅमिन', 'पूना' हेही शोधा. मजकुरातलं एखादं लांब, वेगळं वाक्य उचलून तेच शोधलं, तर त्याचे सगळे भाऊबंद एकदम सापडतात आणि सगळ्यात जुनी तारीख कोणती तेही कळतं.

त्या तीस नोंदींचा एक तक्ता करा: पत्राचं नाव, तारीख, पान क्रमांक, तळाची ओळ, ठिकाण-तारीख आहे का, आणि मजकूर गावच्या खिळ्यांत आहे का. त्यानंतर प्रबंधातलं वाक्य काहीसं असं होईल: "शिकागो आणि ओमाहाच्या कंपन्यांनी तयार केलेल्या पानांतून मुंबईच्या प्लेगचा हा वृत्तान्त मध्य-पश्चिमेच्या किमान इतक्या गावांत पोचला, त्यांपैकी इतक्याच गावांच्या संपादकांनी त्यावर स्वतः काही लिहिलं." दुसरा आकडा कदाचित चार निघेल, कदाचित शून्य. चार निघाले, तर ते चार मजकूर तीसपेक्षा जास्त सावकाश वाचा. शून्य निघाला तर तोही तसाच लिहा.